चालतंय ना, मग हात लावू नकोस!

आपल्या होस्टेलमध्ये दोन पक्ष आहेत. (मेसमध्ये वांग्याची भाजी हवी की नको, ते पक्ष वेगळे!) मी म्हणतोय ते कॉम्प्युटरवाल्यांचे. पहिला पक्ष म्हणतो, "चालतंय ना? मग हात लावू नकोस." दुसरा म्हणतो, "नवीन व्हर्जन आलंय? टाकून दे!" पहिल्या पक्षात बहुतेक सिव्हिल-मेकॅनिकलची मंडळी आणि लॅबमधले सगळे काका. दुसऱ्या पक्षात कॉम्प्युटर, आयटी आणि आम्ही ई अँड टीसीवाले. मी गेल्या वर्षापर्यंत दुसऱ्या पक्षाचा कट्टर कार्यकर्ता होतो. मग एक रात्र अशी आली की राजीनामा द्यावा लागला. पण म्हणून पहिल्या पक्षातही गेलो नाही. का गेलो नाही, ते सांगायला हा लेख.

विषय ऐकायला कोरडा आहे. जुन्या डेस्कटॉपमधल्या एसएसडीचं फर्मवेअर अपडेट करावं की करू नये? पण थांबा, लगेच पान उलटू नका. नवा कोरा लॅपटॉप आपल्याकडे सगळ्यांकडे नाही. कुणाकडे दादाचा जुना पीसी, कुणाकडे मामाच्या ऑफिसातून निघालेला. त्यात थोड्या पैशात एक एसएसडी टाकली की तो मेलेला पीसी उठून बसतो, आणि पुढची चार वर्षं आपलं सगळं त्याच एका काळ्या चपट्या डबीत जातं. असाइनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट, गावाकडचे फोटो, आणि ज्यांची नावं या मासिकात छापता येत नाहीत असे सिनेमेसुद्धा! ती डबी आतून कशावर चालते, हे आपण कधी विचारत नाही.

माझा डेस्कटॉप काकांनी असेंबल केला तेव्हा मी दुसरीत होतो. सेकंड जनरेशनचा आय-थ्री, एच-६१ चा मदरबोर्ड, चार जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. मला ॲडमिशन मिळाली तेव्हा काका म्हणाले, "घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल." एसटीच्या डिकीतून, गोधडीत गुंडाळून तो इथे आला. चालू करायचा, खाली जाऊन चहा प्यायचा, वर यायचं, तरी विंडोजचं गोल गोल फिरणं चालूच! शेवटी दुसऱ्या वर्षी २४० जीबीची सेकंडहँड एसएसडी घेतली. एच-६१ बोर्डवरचे साटा पोर्ट ३ गिगाबिटचे, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ३०० एमबी. एसएसडीची ताकद त्याहून जास्त, म्हणजे थोडी वाया गेलीच. पण हार्डडिस्कमध्ये डोकं इकडून तिकडे फिरण्यात जो वेळ जातो तो वाचला, आणि विंडोज चालू व्हायला लागणारा वेळ चहाच्या कपावरून चहाच्या घोटावर आला.

काही महिन्यांनी कुरबुरी सुरू झाल्या. सकाळी पहिल्यांदा बटण दाबलं की कधी कधी बायोसला एसएसडीच दिसायची नाही. रिसेट मारला की दिसायची. मध्येच सगळं अर्धा मिनिट गोठायचं, मग काही झालंच नाही अशा थाटात पुढे सरकायचं. रूमपार्टनरनं निदान केलं, "सेकंडहँड घेतलास ना? भोग!"

आता इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती फार लोकांना माहीत नसते. असं काही झालं की संशय लगेच ड्राइव्हवर किंवा फर्मवेअरवर घ्यायचा नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा एक छोटा फुकट प्रोग्रॅम आहे. त्यात ड्राइव्हचं मॉडेल, फर्मवेअरचं व्हर्जन, आजवर किती तास चालला, सगळं दिसतं. त्यात सी-७ नंबरची एक ओळ असते. ड्राइव्ह आणि मदरबोर्ड यांच्यात माहिती जाताना किती वेळा खराब झाली, त्याची ती मोजदाद. हा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा. माझा वाढत होता. मित्राच्या पीसीमधली जास्तीची साटा केबल लावली आणि आकडा थांबला. गोठणंही थांबलं. म्हणजे अर्धा आजार एका केबलचा होता!

पण सकाळी गायब होणं काही थांबलं नाही. पोर्ट बदलून पाहिला, मदरबोर्डवरचा सेल बदलून पाहिला. मग कंपनीच्या साइटवर गेलो. (कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे जे झालं त्यात चूक माझीच आहे.) तिथे माझ्या मॉडेलचं नवीन फर्मवेअर होतं आणि बदलांच्या यादीत स्वच्छ लिहिलं होतं, की काही सिस्टिम्सवर सुरुवातीला ड्राइव्ह न ओळखला जाण्याची अडचण दूर केली आहे. म्हटलं, हेच ते!

नव्या पीसीवर हे काम दहा मिनिटांचं. जुन्यावर रविवार गेला. कंपनीच्या प्रोग्रॅमला माझी एसएसडी दिसेचना. कारण? बायोसमध्ये साटाचा मोड आयडीई होता, तो एएचसीआय हवा. हा मोड नुसता बदलला की विंडोज निळा स्क्रीन दाखवून बसतं. (मी तोही पाहून घेतला.) आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगायचं, मग बायोसमध्ये बदल करायचा. सेफ मोडमध्ये एकदा सुरू झालं की योग्य ड्रायव्हर बसतो, मग सेफ मोड काढून टाकायचा. एवढं केल्यावर ड्राइव्ह दिसली, पण प्रोग्रॅम म्हणाला, या मॉडेलचं फर्मवेअर पेनड्राइव्हवरून बूट करूनच टाका. पेनड्राइव्ह बनवला तर बोर्डला तो कळेना, कारण मी तो नव्या यूईएफआय पद्धतीनं बनवला होता आणि आमचे म्हातारबुवा जुन्या बायोसचे. पुन्हा बनवला. संध्याकाळी साडेसातला काळ्या स्क्रीनवर एक ओळ आली, 'अपडेट यशस्वी'. पूर्ण बंद करून चालू केला, व्हर्जन तपासलं, नवीन होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एसएसडी पहिल्या झटक्यात हजर. त्यानंतर आजपर्यंत गायब झालेली नाही.

झालं! मी आमच्या विंगचा डॉक्टर झालो. ज्याचा पीसी मंद तो माझ्याकडे. आणि ज्याच्या हातात हातोडी त्याला सगळीकडे खिळेच दिसतात, तसं माझं झालं. प्रत्येक आजारावर माझ्याकडे एकच गोळी, फर्मवेअर अपडेट.

समोरच्या विंगमध्ये मेकॅनिकलचा एक मित्र आहे. त्याच्याकडेही असाच जुना डेस्कटॉप, १२० जीबीची एसएसडी. म्हणाला, "कॉपी करताना लटकतंय रे. बघतोस का?" शनिवारी रात्री जेवण झाल्यावर गेलो. केबल पाहिली नाही. सी-७ पाहिलं नाही. बदलांची यादी वाचली नाही. 'बॅकअप घेतलाय का' असं विचारलं, तो म्हणाला "कुठं घेऊ? डिस्क नाहीये," आणि मी म्हणालो, "असू दे, माझ्याला काही झालं नव्हतं." हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहितोय.

पेनड्राइव्हवरून बूट केलं, 'होय' दाबलं, पट्टी पुढे सरकायला लागली आणि लाईट गेली.

पाच मिनिटांनी आली. पीसी चालू झाला. बायोसला ड्राइव्ह दिसली नाही. रिसेट मारला, केबल बदलली, माझ्या पीसीला लावून पाहिली. कुठेच नाही. रात्री दोनपर्यंत मी काही ना काही करत होतो आणि तो कॉटवर बसून नुसता बघत होता. सोमवारी शहरात डेटा रिकव्हरीच्या दुकानात गेलो. त्यांनी सांगितलेला आकडा आमच्या दोघांच्या सेमिस्टरच्या मेसबिलाच्या वर होता, आणि तोही 'जमलं तर'. कारण आजकालच्या बऱ्याच ड्राइव्हमध्ये आतली माहिती कंट्रोलर स्वतःच कुलूपबंद करून लिहितो. चिप सोलून काढली तरी किल्ली त्या कंट्रोलरकडेच.

काय गेलं? वर्कशॉपमध्ये तीन आठवडे उभं राहून घेतलेली लेथच्या टूल वेअरची रीडिंग्ज. ती त्यानं पुन्हा घेतली, मीही रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर उभा राहिलो, झाली. आणि गावच्या जुन्या घराचे फोटो. ते घर रस्ता रुंदीकरणात गेलं. रीडिंग्ज पुन्हा घेता येतात. फोटो कुठून घेणार?

तो मला एक शब्द बोलला नाही. "जाऊ दे रे," म्हणाला आणि मेसला गेला. बोलला असता तर बरं झालं असतं.

नंतर शांतपणे आठवलं तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्याच्या पीसीवर मी 'माय कॉम्प्युटर' उघडलं होतं तेव्हा सी ड्राइव्हची पट्टी लालभडक होती. जेमतेम तीन-चार जीबी जागा शिल्लक. एसएसडी इतकी गच्च भरली की ती मंदावतेच, कारण जुनं हलवून नवं लिहायला तिला मोकळी जागा लागते. म्हणजे त्याला फर्मवेअरची गरजच नव्हती. पन्नास जीबीचे सिनेमे उडवले असते तरी भागलं असतं.

पट्टी मध्येच थांबली तर ड्राइव्ह मरते का? हे समजून घ्यायचं तर आपल्या रेक्टरसाहेबांचं रजिस्टर डोळ्यासमोर आणा. एसएसडीमध्ये माहिती एका जागी पडून राहत नाही. फ्लॅशमध्ये लिहायचं एका छोट्या पानात, पण पुसायचं तर अख्खा ब्लॉक, आणि प्रत्येक ब्लॉक ठरावीक वेळाच पुसता येतो. म्हणून सगळ्या ब्लॉकवर सारखा भार पडावा यासाठी आतला कंट्रोलर माहिती सतत या खोलीतून त्या खोलीत हलवत असतो. कोण सध्या कुठल्या खोलीत आहे, याचं एक रजिस्टर तो ठेवतो. आपला कॉम्प्युटर फक्त विचारतो, "अमुक नंबरचा विद्यार्थी आणा." खोली शोधण्याचं काम आतल्या क्लार्कचं. फर्मवेअर म्हणजे हा क्लार्क. फर्मवेअर अपडेट म्हणजे जुन्या क्लार्कला उठवून त्याच खुर्चीवर नवा बसवणं. शहाणी कंपनी नवा नीट बसेपर्यंत जुन्याला दारात उभं ठेवते. पण आपल्या ड्राइव्हमध्ये तशी सोय आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. नसेल, आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली, तर पोरं सगळी खोल्यांमध्ये झोपलेली असतात, पण होस्टेलमध्ये कोणीच नाही असं बाहेर दिसतं!

एवढं झाल्यावर मी पहिल्या पक्षात जायला हवं होतं. लॅबमधल्या काकांनी तर स्वागतच केलं. "सांगत होतो ना, चालतंय तर हात लावायचा नाही!" महिनाभर मीही तेच म्हणत होतो. मग सेमिनारसाठी हाच विषय घेतला, वाचायला लागलो, आणि हा पक्षही पटेनासा झाला.

क्रुशियलच्या एम-४ नावाच्या एसएसडीचं उदाहरण घ्या. ही ड्राइव्ह एकूण ५१८४ तास चालली की कॉम्प्युटर कोसळायचा. पुन्हा सुरू करायचा, तासाभरानं पुन्हा कोसळायचा. तासांचा हिशेब ठेवणाऱ्या कोडमध्ये चूक होती. कंपनीनं जानेवारी २०१२ मध्ये ०३०९ नंबरचं फर्मवेअर देऊन ती दुरुस्त केली. ५१८४ तास म्हणजे रोज चोवीस तास चालवली तर २१६ दिवस. रोज आठ तास चालणाऱ्या लॅबच्या पीसीला ६४८ दिवस. सहाशे सत्तेचाळीस दिवस 'चालतंय ना' म्हणणारा माणूस अगदी बरोबर होता. पुढच्या दिवशी?

त्याच्या आदल्या वर्षी इंटेलच्या ३२० सीरिजमध्ये वीज अचानक जाऊन आली की काही ड्राइव्ह स्वतःची क्षमता फक्त ८ एमबी सांगायच्या. त्याचंही फर्मवेअर ऑगस्ट २०११ मध्ये आलं. लाईट जाणाऱ्या गावात ते न टाकणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

सगळ्यात मोठा धडा एचपीईचा. नोव्हेंबर २०१९ मध्ये या कंपनीनं सर्व्हरच्या ग्राहकांना कळवलं की त्यांच्या काही एसएएस एसएसडी ३२,७६८ तास झाले की बंद पडतील. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. त्यानंतर ड्राइव्हही नाही आणि डेटाही नाही. आता हा आकडा बघून ज्याला काही आठवलं नाही त्यानं सी प्रोग्रॅमिंगची ओरल पुन्हा द्यावी! दोनाचा पंधरावा घात. १६ बिटच्या साइन्ड पूर्णांकात ३२,७६७ च्या पुढे जागाच नसते. मार्च २०२० मध्ये त्यांनी आणखी काही मॉडेल्ससाठी अशीच सूचना काढली, या वेळी आकडा ४०,००० तासांचा. आणि यातला खरा घोळ पुढे आहे. सर्व्हरमध्ये एक ड्राइव्ह गेली तर दुसरी असावी म्हणून आपण रेड लावतो. पण सगळ्या ड्राइव्ह एकाच दिवशी विकत घेतल्या, एकाच दिवशी बसवल्या, तर त्यांचे तासही बरोबरच भरणार. एक गेली की पाठोपाठ सगळ्या! तिथे 'हात लावू नकोस' म्हणणं म्हणजे गाडी दरीकडे चाललीये आणि आपण स्टिअरिंगला हात लावत नाही, कारण गाडी चालतेय.

दुसऱ्या पक्षाच्या मित्रांनीही लगेच हुरळून जाऊ नये. जानेवारी २००९ मध्ये सीगेटनं बाराकुडा ७२००.११ या हार्डडिस्कच्या दोषावर दुरुस्तीचं फर्मवेअर दिलं, आणि त्यानंच काही ड्राइव्ह बंद पडायला लागल्यावर ते घाईघाईनं मागे घ्यावं लागलं. सॅमसंगच्या ८४० इव्होमध्ये बरेच दिवस पडून असलेल्या फाइल्स वाचायला फार वेळ लागायचा. ऑक्टोबर २०१४ ला दुरुस्ती आली, तरी दुखणं उलटलं, एप्रिल २०१५ ला दुसरी द्यावी लागली. म्हणजे पहिल्याच दिवशी उडी मारणाऱ्याला बक्षीस मिळतंच असं नाही.

मग करायचं काय? माझं मत असं की दोन्ही पक्ष एकाच आळशीपणाचे आहेत. एक जण न वाचता 'नको' म्हणतो, दुसरा न वाचता 'हो' म्हणतो. फर्मवेअरबरोबर बदलांची यादी येते. दहा-बारा ओळींची असते, आपल्या प्रॅक्टिकलच्या राइट-अपपेक्षा नक्कीच लहान. ती वाचायची आणि स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, की यात जे दुखणं लिहिलंय ते मला आहे का, किंवा उद्या होणार आहे का? डेटा जाण्याचा, ड्राइव्ह बंद पडण्याचा, तासांच्या आकड्याचा उल्लेख असेल तर अपडेट करायचंच, आज चालत असलं तरी. नुसतं 'सुधारणा केल्या आहेत' एवढंच असेल आणि आपल्याला त्रास नसेल तर राहू द्यायचं. त्रास असेल तर आधी केबल, मग मोकळी जागा, मग बायोसचा मोड, आणि सगळ्यात शेवटी फर्मवेअर.

आणि ठरलं, तर बॅकअप. दुसऱ्या डिस्कवर, आणि त्यातली एखादी फाइल उघडून बघून. बॅकअप नसेल तर ते काम त्या रात्री होणार नाही, मग समोरचा कितीही जिवलग असो. उलट जिवलग असेल तर नाहीच. यूपीएस नसेल तर कुणाचा तरी तासभर मागून आणायचा. दुसरी डिस्क असेल तर तिची केबल काढून ठेवायची, म्हणजे चुकीच्या ड्राइव्हवर प्रयोग होत नाही. ड्राइव्ह थेट मदरबोर्डला जोडायची, कारण यूएसबीच्या डबीतून हे आदेश बहुतेक वेळा आत पोचतच नाहीत. झाल्यावर नुसतं रिस्टार्ट न करता पूर्ण बंद करून चालू करायचं आणि व्हर्जन तपासायचं. फर्मवेअरची फाइलही जपून ठेवायची. ओसीझेड ही कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २०१४ च्या सुरुवातीला तोशिबानं घेतली. इंटेलनं एसएसडीचा धंदा विकला आणि २०२१ च्या शेवटी त्यातून सॉलिडाइम उभी राहिली. मायक्रॉननं डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल या नावानं ग्राहकांना माल विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. आपला पीसी कंपनीपेक्षा जास्त जगू शकतो, हे लक्षात ठेवा!

आता दोन शब्द आपल्या कॉलेजबद्दल. लॅबमध्ये प्रत्येक पीसीवर डेडस्टॉक नंबर रंगवलेला असतो. खुर्चीवर असतो, पंख्यावर असतो, डस्टर ठेवायच्या फळीवरसुद्धा असतो. त्याच रजिस्टरमध्ये आणखी तीन रकाने आखले तर काय बिघडेल? ड्राइव्हचं मॉडेल, फर्मवेअरचं व्हर्जन, आणि सेमिस्टरच्या सुरुवातीला किती तास झाले. हे काम एस.ई.च्या एका बॅचला एका प्रॅक्टिकलमध्ये देता येईल. एकाच दिवशी आलेले तीस पीसी एकाच दिवशी म्हातारे होणार आहेत, हे कागदावर दिसेल तरी. दुसरी मागणी होस्टेल ऑफिसकडे. एक टीबीची एक बाह्य हार्डडिस्क आणि एक छोटा यूपीएस ऑफिसात ठेवा, कॅरमच्या सोंगट्या देता तसं आयकार्ड ठेवून द्या. त्या शनिवारी माझ्या मित्राकडे डिस्क नव्हती, हे कारण मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. पण ऑफिसात एक असती, तर 'कुठं घेऊ?' या प्रश्नाला उत्तर होतं.

काही सर म्हणतील, एवढ्या जुन्या पीसींवर एवढी मेहनत कशाला? नवे घ्यावेत. घ्यावेत की! पण ज्याच्या घरून नवा येणार नाही, त्याच्यासाठी हाच पीसी म्हणजे इंजिनिअरिंग आहे. विंडोज १० चा फुकट सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, आमचे आय-थ्री विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत, तर आम्ही लिनक्स टाकून चालवतोय. भंगारात जाणारी वस्तू चालती ठेवणं हेही इंजिनिअरिंगच. फक्त ते वाचून करायचं असतं, डॉक्टरकीच्या रुबाबात नाही.

मित्रानं नंतर नवी एसएसडी घेतली, निम्मे पैसे मी दिले. गावच्या घराचा एक फोटो त्याच्या बहिणीच्या फोनवर सापडला. अंगणातून काढलेला, अर्धा दरवाजा आणि तुळशीवृंदावन दिसतंय. आता तो त्याच्या डेस्कटॉपवर असतो आणि माझ्या हार्डडिस्कवरही.

गेल्या आठवड्यात त्याच्या नव्या ड्राइव्हचं फर्मवेअर आलं. त्यानं यादी वाचली, मला दाखवली. त्यातलं काहीच आम्हाला लागू नव्हतं. टाकलं नाही. "चालतंय म्हणून नाही हं," तो म्हणाला, "वाचलंय म्हणून." मी नुसती मान हलवली.

तर मंडळी, ज्यांचे पीसी कुरकुरतायत त्यांनी अजूनही माझ्या रूमवर यावं. दवाखाना चालू आहे. फक्त येताना बॅकअपची डिस्क घेऊन या. चहा माझ्याकडून!

– एक माजी 'डॉक्टर', बी.ई. (ई अँड टीसी)